अंगठा आणि सही

बोर्ली पंचतनला मी पहिल्यांदा आलो तो १९८६ च्या पावसाळ्यात, म्हसळ्याहून सुटणाऱ्या एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून. एका बँकेच्या शाखेत कृषी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती. श्रीवर्धन तालुक्यातले हे गाव बाजारपेठेचे. दिवेआगर, वेळास, दिघी या बाजूच्या माणसांचा बाजारहाट, दवाखाना आणि कर्जपाण्याचा व्यवहार बहुतेक इथेच चाले. तीन वर्षे मी तेथे काढली. पुढे नोकरीच्या उत्तरार्धात बँक अधिकाऱ्यांना शिकवण्याचे काम माझ्या वाट्याला आले, आणि निवृत्तीनंतरही ते पुरते सुटलेले नाही. गेली काही वर्षे ज्या वर्गांत मी पाहुणा म्हणून जातो, त्यांचा विषय ऐकून घरची मंडळी हसतात: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोखमीचे नियमन. विद्यार्थी म्हणजे महाव्यवस्थापक, मुख्य वित्त अधिकारी, सहकारी बँकांचे संचालक. बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली. त्यांना काय शिकवावे, हा प्रश्न मला बरेच दिवस केवळ अभ्यासक्रमाचा वाटत होता. तो नीतीचा प्रश्न आहे, हे मला बोर्लीतल्या एका ओटीवर बसल्यावर उमगले.

२०२४ च्या जानेवारीत मी सहज म्हणून तिकडे गेलो होतो. माझ्या वेळचे एक बागायतदार अजून हयात आहेत. त्यांची वाडी पोफळीची आणि माडांची. श्रीवर्धनी रोठा सुपारीला चांगला भाव येत असल्याने घर खाऊनपिऊन सुखी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि एका दुपारीत ही वाडी आडवी झाली. चारशे पोफळींपैकी चाळीसही उभ्या राहिल्या नाहीत. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ हाती यायला पाच-सहा वर्षे तरी जातात. म्हणजे साठीच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून संसार मांडायचा. त्यांनी तो मांडला. रोपे लावली, आंतरपीक घेतले, थकलेले हप्ते उशिरा का होईना फेडले. दिवेआगरला पर्यटक येतात, तेव्हा वाडीत दोन खोल्या बांधाव्यात, म्हणजे पोफळी फळाला येईपर्यंत घर चालेल, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी कर्जाचा अर्ज केला. तो नाकारला गेला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला गेला.

“कारण काय सांगितलं?” मी विचारले.

“कारण नाही सांगितलं, साहेब. मॅनेजर भला पोरगा आहे. त्यानं स्क्रीन फिरवून दाखवली. म्हणाला, काका, संगणक नाही म्हणतोय. मी म्हटलं, मग संगणकाला विचार की का म्हणून. तर म्हणाला, ते मलाही दिसत नाही, आणि वरच्यांनाही दिसत असेल असं वाटत नाही.”

थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “आमचे आजोबा खोताच्या वहीवर अंगठा करायचे. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नसायचं. पण लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असायचं.”

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

*

अंगठ्याचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांना धान्य किंवा सोने यापेक्षा कर्जखते हवी होती, आणि हाती लागली तेथे त्यांनी ती जाळली. आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात हे लोण पसरले. हे दंगे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो, परंतु त्यांतून जन्मलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याकडे फारसे लक्ष देत नाही. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम लागू झाला. त्या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती. न्यायाधीशाने केवळ खत पुढे आले म्हणून निकाल देऊ नये. खताच्या मागे जावे, मूळ मुद्दल किती होते, व्याज कसे चढत गेले, व्यवहार प्रत्यक्षात कसा झाला याचा शोध घ्यावा. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत, अशीही योजना होती.

या तरतुदीमागचा विचार साधा आणि खोल आहे. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाची संमती ही पूर्ण संमती नव्हे, हे राज्यकर्त्यांनी मान्य केले. अंगठा उमटला एवढ्याने व्यवहार न्याय्य ठरत नाही, तो उमटवणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळले होते काय, हेही पाहिले पाहिजे. बागायतदारांच्या आजोबांच्या बाबतीत निदान एका बाजूला ज्ञान होते. वही लिहिणारा अन्याय करत असेल, पण तो काय करतो आहे हे त्याला कळत होते. म्हणून त्याला जाब विचारता येत होता.

आज बोर्लीच्या शाखेत काय घडते? अर्जदाराला कारण ठाऊक नाही. शाखाधिकाऱ्याला नाही. ज्या महाव्यवस्थापकाने ही निर्णयप्रणाली वापरात आणण्याच्या ठरावावर सही केली, त्यालाही ती कशाच्या आधारे नाही म्हणते, हे सांगता येत नाही. त्याची सही डिजिटल असते, सुवाच्य असते, तिच्याखाली हुद्दा छापलेला असतो. पण न वाचता येणाऱ्या मजकुराखाली उमटलेल्या खुणेला आपल्या भाषेत काय म्हणतात? अंगठा म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी अंगठा ऋणको करत होता. आता धनकोच्या सर्वांत वरच्या खुर्चीत बसलेला माणूस करतो आहे. ही सारी उलथापालथ आपण प्रगतीच्या नावाखाली पाहिली आणि तिचे आपल्याला फारसे नवल वाटले नाही.

*

ही चिंता माझ्या एकट्याची नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. विश्वास हा पाया, माणूस प्रथम, उत्तरदायित्व, समजण्याजोगी रचना अशी काही सूत्रे. प्रत्येक संस्थेचे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे धोरण तिच्या संचालक मंडळाने संमत केलेले असावे, आणि संचालक व वरिष्ठ व्यवस्थापक यांना या विषयाचे शिक्षण द्यावे, असे समितीने सुचवले आहे. समितीने पाहिलेल्या ६१२ संस्थांपैकी सुमारे एक पंचमांश संस्थाच हे तंत्र वापरत होत्या किंवा घडवत होत्या. म्हणजे पाणी अजून उंबऱ्याशी आहे, घरात शिरलेले नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात तर माणसाची पत ठरवणाऱ्या प्रणालींची गणना अधिक जोखमीच्या वापरांत केलेली आहे.

तेव्हा शिकवायला हवे, याबद्दल मतभेद नाही. मतभेद आहे तो काय शिकवावे याबद्दल. माझ्या वर्गात बसणारी मंडळी पहिल्याच तासाला एक रास्त आक्षेप घेतात. ते म्हणतात, “सर, आम्ही विमानात बसतो तेव्हा इंजिन कसे चालते ते आम्हाला ठाऊक नसते. डॉक्टरने दिलेल्या गोळीचे रसायन आम्हाला कळत नाही. तज्ज्ञांवर विश्वास ठेवल्याशिवाय जग चालेल कसे? आम्हाला गणित शिकवून तुम्ही काय साधणार?”

हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. तो नीट समजून घेण्याजोगा आहे. तज्ज्ञावर विश्वास ठेवणे हा दोष नव्हे. परंतु प्रवाशाचा विश्वास वेगळा आणि विमान कंपनीच्या प्रमुखाचा विश्वास वेगळा. प्रवासी स्वतःचा जीव त्या इंजिनाच्या हवाली करतो. प्रमुख दुसऱ्यांचे जीव करतो. इंजिनाची जोडणी त्याला येत नसली तरी चालेल. ते कोणत्या हवामानात तपासले गेले, कधी बंद पडले, बंद पडल्यास वैमानिकाने काय करायचे, हे त्याने विचारलेले नसेल, तर त्याच्या अज्ञानाला आपण निष्पापपणा म्हणणार नाही.

नीतिशास्त्रात या भेदाला जुनी परंपरा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे प्रकार पाडले आहेत. एक अज्ञान असे, की माणसाने कितीही प्रयत्न केला तरी ते दूर झाले नसते. ते त्याला दोषमुक्त करते. दुसरे असे, की थोड्या कष्टाने ते दूर होऊ शकले असते आणि ते दूर करणे त्याचे कर्तव्य होते. ते त्याला वाचवत नाही. तिसरे सर्वांत वाईट: माणूस मुद्दाम विचारत नाही, कारण विचारले तर उत्तर गैरसोयीचे येईल. हे जोपासलेले अज्ञान होय. मोठ्या संस्थांत ते फार चांगले वाढते. त्याला सावली असते, खत असते, आणि त्याची फळे इतरांच्या अंगणात पडतात.

‘अँटिक्वा एट नोवा’ या व्हॅटिकनच्या जानेवारी २०२५ मधील निवेदनातही हीच बाब अधोरेखित झाली आहे: यंत्राने घेतलेल्या निर्णयाची नैतिक जबाबदारी यंत्राकडे जात नाही, ती कोणत्या ना कोणत्या माणसाकडेच राहते. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचे कारण सांगताना १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ची आठवण केली आणि यंत्रयुगातील कामगारांच्या प्रश्नाशेजारी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न ठेवला. धर्म न मानणाऱ्यालाही यातील तर्क मान्य व्हायला हरकत नाही. शिक्षा भोगू शकतो, लाजू शकतो, पश्चात्ताप करू शकतो आणि नुकसान भरून देऊ शकतो, तोच जबाबदार. या चारपैकी एकही गोष्ट यंत्राला करता येत नाही.

*

जबाबदारी कोठेच टेकली नाही तर काय होते, याचे एक उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचे. तेथील प्रणालीत कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. ‘होरायझन’ नावाची ती साधी हिशेबाची प्रणाली होती, फुजित्सू कंपनीने पुरवलेली. त्या प्रणालीतील दोषांमुळे गावोगावच्या उपडाकपालांच्या हिशेबात तूट दिसू लागली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरे विकून तूट भरली, काहींनी जीव दिला. त्यांची शिक्षा रद्द करणारा खास कायदा संसदेला २०२४ मध्ये करावा लागला. इतकी वर्षे एवढ्या सुशिक्षित माणसांनी काय केले? त्यांनी पडद्यावरचा आकडा खरा मानला आणि समोरच्या माणसाला खोटे. गावच्या टपाल कचेरीत बसलेली ही माणसे बोर्लीच्या बागायतदारापेक्षा फार वेगळी नव्हती. “मी पैसे घेतलेले नाहीत” हे एकच वाक्य त्यांच्याजवळ होते, आणि पडद्यापुढे त्या वाक्याला किंमत उरली नव्हती.

साध्या हिशेबयंत्राची ही गत, तर स्वतः शिकणाऱ्या यंत्राची काय असेल? येथे वाचकांसाठी त्याची रीत थोडक्यात सांगायला हवी. या यंत्राला कोणी नियम लिहून देत नाही. पूर्वीच्या लाखो कर्जदारांच्या नोंदी त्याला दाखवल्या जातात: कोणी फेडले, कोणी बुडवले. त्यांतून ते साम्ये हुडकते, आणि नवा अर्ज आला की तो कोणासारखा दिसतो ते पाहून अंदाज बांधते. त्याला वादळ ठाऊक नसते. हप्ता चुकला एवढेच ठाऊक असते. वादळाने मोडलेला आणि जुगारात बुडालेला हे दोघे त्याच्या नजरेला सारखेच दिसू शकतात, कारण दोघांच्या रकान्यांत एकच आकडा असतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. यंत्राने कर्ज दिले आणि ते बुडाले, तर ती चूक वहीत दिसते. थकबाकी म्हणून, अनुत्पादित कर्ज म्हणून, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात. परंतु ज्याला कर्ज नाकारले, तो फेडू शकला असता की नाही, हे यंत्राला कधीही कळत नाही. नाकारलेला माणूस वहीतून नाहीसा होतो. त्यामुळे आपल्या अन्याय्य नकारांपासून यंत्र काहीच शिकत नाही, आणि त्याच्या अचूकतेचे आकडे मात्र उत्तम येत राहतात. वरिष्ठ व्यवस्थापकापुढे दर तिमाहीला जो तक्ता येतो, त्यात बुडालेल्या कर्जांचा रकाना असतो. चुकून नाकारलेल्यांचा रकाना त्यात नसतो.

*

येथवर वाचून कोणाला वाटेल, की मी जुन्या काळाची आरती ओवाळतो आहे. माणूस होता तेव्हा सारे न्यायाने चालले होते असे सुचवतो आहे. तसे मुळीच नाही. रायगडकरांना पेण अर्बन बँकेचे नाव सांगावे लागत नाही. २०१० मध्ये तिच्यावर निर्बंध आले, बनावट कर्जखात्यांची प्रकरणे बाहेर पडली आणि हजारो ठेवीदारांचे आयुष्यभराचे पैसे अडकले. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम उद्योगसमूहाची थकबाकी झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचे उघडकीस आले. ही कृत्ये यंत्राने केली नाहीत. शिकल्यासवरल्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी केली.

आणि माझे स्वतःचे काय? १९८७ च्या मे महिन्यात दिघीच्या बाजूची एक कोळीण माझ्या टेबलाशी आली होती. नवरा समुद्रावर गेलेला परतला नव्हता. सुकी मासळी बाजारात नेण्यासाठी तिला थोडे भांडवल हवे होते. रक्कम आजच्या मानाने हास्यास्पद. नियमाप्रमाणे मी तिच्या घरी जाऊन पाहणी करायची होती. ऊन फार होते. त्या दिवशी मला जायचे नव्हते, आणि खरे सांगायचे तर मासळीच्या वासाचाही मला तेव्हा कंटाळा होता. मी अर्जावर “कागदपत्रे अपुरी” असे लिहिले आणि सही केली. ती काही बोलली नाही. टोपली उचलून निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

माझ्या सेवापुस्तकात त्या नकाराची नोंद नाही. उलट त्या वर्षी माझी वसुली चांगली म्हणून माझे कौतुक झाले. यंत्राने कदाचित तिला कर्ज दिले असते. त्याला उन्हाचा त्रास होत नाही आणि वास येत नाही. आडनाव ऐकून त्याची भिवई वर चढत नाही. हे यंत्राच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे, आणि माझ्या वर्गात मी ते सर्वांत आधी मान्य करतो.

मग फरक उरतो तो एवढाच, की ती कोळीण मला “का?” असे विचारू शकली असती. तिने विचारले असते, तर मला खोटे तरी बोलावे लागले असते, आणि खोटे बोलताना माणसाला आत काहीतरी टोचते. अडतीस वर्षे ते टोचते आहे, म्हणून आज मी हे लिहू शकतो. निर्णय माणसाने घ्यावा की यंत्राने, या वादात मला आता रस उरलेला नाही. ज्याच्यावर निर्णय कोसळतो, त्याला “का?” विचारण्यासाठी कोणीतरी समोर आहे काय, आणि त्या समोरच्याला उत्तर देता येते काय, एवढे मी पाहतो.

*

म्हणून मी वर्गात एक साधा पाठ घेतो. नाकारलेल्या अर्जांचे, नावे काढून टाकलेले, कागद मी वाटतो. सोबत प्रणालीने दिलेले गुण असतात. मी सांगतो, “प्रत्येक नकाराचे कारण एका वाक्यात लिहा. भाषा अशी हवी, की तुम्ही अर्जदाराच्या ओटीवर बसून ती त्याला ऐकवू शकाल.” एका वर्गातील वीस-बावीस जणांपैकी बहुतेकांनी भराभर लिहिले. “परतफेडीची क्षमता असमाधानकारक.” “जोखीम प्रमाणाबाहेर.” त्यांतले एकही वाक्य कारण नव्हते, सारी वाक्ये निर्णयाचीच दुसरी नावे होती. बागायतदारांचा कागदही त्यांत होता, अर्थात त्यांच्या अनुमतीने. एका वयस्कर महाव्यवस्थापकांनी मात्र पानभर काहीच लिहिले नाही. कोऱ्या पानाखाली सही करून त्यांनी ते माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “सर, माझ्याकडे कारण नाही. आणि या प्रणालीच्या मंजुरीच्या ठरावावर माझी सही आहे.” वर्गात शांतता पसरली. त्या दिवशीचे शिक्षण खऱ्या अर्थाने त्यांनी केले.

त्या दिवसापासून मी अभ्यासक्रमातील गणित कमी केले आणि चार प्रश्न ठेवले. हे यंत्र कोणत्या काळाच्या आणि कोणत्या माणसांच्या नोंदींवर शिकले. त्यांत कोकणातली वाडी होती काय? ते कोणाच्या बाबतीत अधिक चुकते? चूक झाली तर ती आपल्याला कशी आणि किती दिवसांनी कळेल? आणि ते थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे. थांबवल्यावर काम हाताने करणारी माणसे आपल्याकडे शिल्लक आहेत काय? या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्येच गणितीय प्रतिमानांच्या जोखमीविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्या गाभ्याशी प्रभावी आव्हानाची कल्पना होती: ज्याला विषय कळतो, ज्याला आव्हान देण्यास प्रोत्साहन आहे आणि ज्याचे कोणी ऐकते, अशा माणसाने प्रतिमानाला प्रश्न विचारले पाहिजेत. तीन अटींपैकी पहिली प्रशिक्षणाने पुरी होते. उरलेल्या दोन संस्थेच्या धैर्यावर अवलंबून असतात.

येथे मला माझ्या विद्यार्थ्यांची अडचण हलकी करून सांगायची नाही. प्रश्न विचारणारा अधिकारी काम अडवणारा ठरतो. शेजारची बँक दहा मिनिटांत कर्ज देते आणि हा कारणे शोधत बसतो. शिवाय बँकेतला पैसा त्याचा नसतो. तो ठेवीदारांचा असतो, आणि त्यांत दुसऱ्या कोणा कोळणीची पुंजीही असते. दयेपोटी वाटेल त्याला कर्ज देणे हाही अन्यायच आहे, फक्त त्याचा बळी वेगळा असतो. म्हणून मी कोणालाही अधिक कर्ज द्या असे शिकवत नाही. मी एवढेच म्हणतो, की नाही म्हणायचे तर ते माणसाला ऐकू येईल असे म्हणा, आणि त्याखाली असे नाव घाला, की जे जाब द्यायला हजर होईल.

१९६९ हे वर्ष मला या संदर्भात आठवते. त्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट आणि पुण्यात रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय सुरू झाले. त्या पिढीतील अधिकाऱ्यांना शिकवण्यात आले, की बांधावर जा, विहीर पाहा, बैल मोजा, माणसाशी बोला. आम्ही त्यात कुचराई केली, पण काय करायला हवे होते ते आम्हाला ठाऊक होते. आजच्या वरिष्ठांच्या शिक्षणातही मी वर्षातून दोन दिवसांची अशी एक स्थळपाहणी घालावी असे सुचवत असतो. ज्यांना यंत्राने नाही म्हटले, अशा दहा माणसांच्या घरी महाव्यवस्थापकाने स्वतः जावे. तेवढ्याने यंत्र सुधारणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु तक्त्यात नसलेला रकाना निदान त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहील.

*

दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट सापडला आहे. बोर्लीपासून ते अंतर फार नाही. ताडपत्र सोडून माणसे तांब्यावर का लिहीत? आपल्या माघारी कोणी विचारले, तर उत्तर मिळावे म्हणून. व्यवहार टिकावा आणि त्याला बांधलेले कोण, हे कळावे म्हणून.

२०२५ च्या दिवाळीनंतर मी पुन्हा बोर्लीला गेलो. त्या भल्या शाखाधिकाऱ्याने मुख्य कचेरीला चार पत्रे लिहिली होती. शेवटी कोणीतरी माणसाने ती फाईल उघडली. वादळाच्या वर्षातील थकबाकी विचारात घेऊ नये, असे त्याने नोंदवले. परंतु जमिनीचा सातबारा सामाईक असून नऊ हिस्सेदारांपैकी पाच जणांची संमतिपत्रे नाहीत, म्हणून सध्या कर्ज देता येत नाही, असेही लिहिले. खाली नाव, हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक होता.

म्हणजे कर्ज मिळाले नव्हतेच. मी काहीसा ओशाळून बागायतदारांकडे पाहिले. ते पत्र घडी करून ट्रंकेत ठेवत होते.

“मुंबईची भावंडं शिमग्याला येतील,” ते म्हणाले. “सह्या मिळतील. हेच दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर गेल्या शिमग्यालाच घेतल्या असत्या.”

मग ते मला वाडीत घेऊन गेले. २०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्या होत्या. दोन-तीन झाडांना पहिला फुलोरा आला होता. बाकीच्यांना अजून एक-दोन वर्षे लागतील, असे त्यांनी सांगितले.